चालीचा सातबारा कोणाच्या नावावर?

शेताच्या बांधावरून भावाभावांत कोर्टकज्जे व्हावेत, हे आपल्याला नवे नाही. पण गाण्याच्या चालीवरून? तामिळ चित्रपटसृष्टीत गेली काही वर्षे नेमके हेच चालले आहे आणि वादाच्या केंद्रस्थानी आहेत ज्येष्ठ संगीतकार इळैयराजा.

मराठी रसिकाला हे नाव 'सदमा'मुळे (१९८३) ठाऊक आहे. दक्षिणेत मात्र ते घरोघरचे. १९४३ साली पन्नैपुरम या खेड्यात, एका दलित कुटुंबात त्यांचा जन्म झाला. थोरले सावत्र बंधू पावलर वरदराजन कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचारसभांत गात. त्यांच्या मेळ्याबरोबर गावोगाव हिंडत या मुलाचे कान तयार झाले. पुढे मद्रासला धनराज मास्तरांकडे त्यांनी पाश्चात्त्य संगीताचे धडे घेतले आणि १९७६ च्या 'अन्नकिळी'ने त्यांचे नाव झाले. खेड्यातली लोकधून आणि व्हायोलिनांचा ताफा त्यांनी एका पंक्तीला बसवला. हजारावर चित्रपट, पाच राष्ट्रीय पुरस्कार, २०१८ मध्ये पद्मविभूषण, २०२२ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती आणि मार्च २०२५ मध्ये लंडनला स्वतःच्या सिंफनीचे सादरीकरण. माणसाने आणखी काय मिळवायचे?

तरीही ते भांडतात. २०१७ मध्ये त्यांनी एस. पी. बालसुब्रमण्यम यांना नोटीस धाडली, तेव्हा चाहते हळहळले. इतक्या वर्षांचा मित्र, आणि त्याला वकिलाची नोटीस! २०१९ मध्ये दोघांचे मनोमीलन झाले, हे बरे झाले. २०२४ मध्ये 'मंजुम्मल बॉइज' या मल्याळम चित्रपटात 'गुणा'तले (१९९१) त्यांचे गाणे वाजले आणि पुन्हा नोटीस निघाली. निर्माते म्हणाले, आम्ही संगीत कंपन्यांकडून रीतसर हक्क घेतले आहेत.

बँकेच्या भाषेत बोलायचे तर प्रश्न इतकाच आहे, की संगीतकाराने निर्मात्याला करून दिले ते खरेदीखत की भाडेपट्टा? १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या बाजूने कौल दिला. वेगळा करार नसेल, तर मोबदला देऊन करून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माताच. म्हणजे विहीर खणणाऱ्याने मजुरी घ्यावी आणि पाण्याकडे पाहू नये! २०१२ च्या कायदादुरुस्तीने हा अन्याय बराचसा दूर केला. चित्रपटगृहाबाहेर गाणे कमाई करील, तर गीतकार आणि संगीतकाराला त्यात वाटा मिळालाच पाहिजे, आणि हा हक्क त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही. त्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर पोटतिडकीने बोलले होते. जुन्या करारांचा गुंता मात्र कायम आहे.

आपल्याकडेही हा वाद झाला होता. साठच्या दशकात लताबाईंनी गायकांसाठी रॉयल्टी मागितली. रफीसाहेबांचे मत असे, की मेहनताना घेतला, व्यवहार संपला. त्यावरून दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे सोडले. तेव्हाही लताबाईंना हट्टी म्हणणारे होतेच. आज त्यांची दूरदृष्टी दिसते.

इळैयराजांनाही कोणी लोभी म्हणतात. मला ते पटत नाही. २००७ च्या 'चीनी कम'मध्ये त्यांच्याच जुन्या चाली नव्याने वाजल्या. दोन दशकांनंतरही मुद्दल व्याज देत असेल, तर ठेवीदाराने ते मागू नये काय? मात्र पासबुकावर एकच नाव असावे, हे मान्य होण्यासारखे नाही. एप्रिल २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सुनावणीत मार्मिक सवाल केला: शब्दांवाचून गाणे होते का, आणि उद्या गीतकारानेही हक्क सांगितला तर? गायक, वादक हेही त्यातलेच. त्या व्हायोलिनवाल्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

म्हणून या म्हाताऱ्याच्या भांडणाला हसू नये. त्याच्यापाशी नाव आहे, वकील आहेत. ज्यांच्यापाशी यातले काहीच नव्हते, ते मजुरी खिशात घालून मुकाट्याने घरी गेले. चालीचा सातबारा कधीतरी नीट लिहिला जाईल, तेव्हा त्यावर सगळ्या वाटेकऱ्यांची नावे असावीत.