विक्रम कोणाचा : जलतरणपटूचा की पोशाखाचा?

१/८
२८ जुलै २००९, रोम. जागतिक जलतरण स्पर्धेतील पुरुषांची २०० मीटर फ्रीस्टाइल. जर्मनीच्या पॉल बीडरमानने १:४२.०० अशी वेळ नोंदवली, मायकेल फेल्प्सला हरवले आणि त्याचा विश्वविक्रमही मोडला. चर्चा मात्र बीडरमानच्या पोहण्यापेक्षा त्याच्या पोशाखाचीच अधिक झाली.

२/८
या वादाचा आरंभ फेब्रुवारी २००८ चा. स्पीडोने ‘एलझेडआर रेसर’ आणला. त्याच्या कापडाच्या चाचण्यांत ‘नासा’चे साहाय्य होते. पॉलियुरेथेनच्या पट्ट्या शरीर आवळून धरत. जोडांना टाक्यांची शिवण नव्हती. बीजिंग ऑलिम्पिकमधील २५ पैकी २३ विश्वविक्रम याच पोशाखात झाले.

३/८
जपानी महासंघ मात्र इतर कंपन्यांशी करारबद्ध होता. जून २००८ मध्ये कोसुके किताजिमाने ‘पोहणारा मी आहे’ अशा अर्थाचा टी-शर्ट घातला आणि त्याच स्पर्धेत स्पीडोच्या पोशाखात २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा विश्वविक्रम केला. महासंघाला लगेच मुभा द्यावी लागली. टी-शर्ट एक सांगत होता, घड्याळ दुसरेच.

४/८
वर्षभरात ‘एलझेडआर’ही जुना ठरला. रोममध्ये बीडरमानच्या अंगावर अरेनाचा संपूर्ण पॉलियुरेथेनचा पोशाख होता, तर फेल्प्स स्पीडोशीच बांधलेला. त्या एका स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले.

५/८
अखेर १ जानेवारी २०१० पासून ‘फिना’ने असे पोशाख बंद केले. केवळ विणलेले कापड. पुरुषांसाठी कंबर ते गुडघा, स्त्रियांसाठी खांदा ते गुडघा. जुने विक्रम मात्र कायम राहिले.

६/८
तंत्रज्ञान खेळात नेहमीच होते, असा आक्षेप घेतला जातो. परंतु लाटा शमवणाऱ्या दोऱ्या किंवा सुधारलेले स्टार्टिंग ब्लॉक आठही जलतरणपटूंना सारखेच लाभतात. पोशाखाचा लाभ करारावर आणि खिशावर अवलंबून होता. म्हणून बंदी योग्यच होती.

७/८
मग ते विक्रम पुसायला हवे होते का? मुळीच नाही. खेळाडूंनी नियम मोडला नव्हता. पोशाखांना मान्यता ‘फिना’नेच दिली होती. नोंद पुसली असती, तर संस्थेची चूक झाकली गेली असती आणि शिक्षा खेळाडूंना झाली असती. अडचणीचा कागद इतिहासकार फाडत नाही. त्यावरचा काळ पाहून तो वाचतो.

८/८
आणि ते विक्रम अभेद्यही नव्हते. सेझार सिएलोने २००९ मध्ये रोममध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलसाठी ४६.९१ सेकंदांची नोंद केली होती. २०२२ मध्ये त्याच रोममध्ये डेव्हिड पोपोविचीने विणलेल्या कापडात ४६.८६ सेकंद नोंदवले. मधली तेरा वर्षे त्या पोशाखाने किती दिले होते, याचे माप आहेत. २००९ ची पाने फाडली असती, तर ते मापही हाती उरले नसते. विक्रमांच्या तक्त्यात वेळेआधी वर्ष वाचावे, ते यासाठीच.