मार्कंडेयचे पाणी आणि विहिरीचे पाणी

बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या शिवाराजवळून मार्कंडेय नदी वाहते आणि त्याच शिवारात विहिरी व बोअर आहेत. नदीचे पाणी सर्वांचे, बोअरचे पाणी ज्याच्या जमिनीत लागले त्याचे, असा सर्वसाधारण समज आहे. पाणाड्या तळहातावर नारळ धरून जो ‘पाताळातला झरा’ दाखवतो, त्याचा नदीशी संबंध नाही असेच धरले जाते. हा समज केवळ गावकऱ्यांचा नाही. ठरावीक पात्रातून न वाहणारे जमिनीखालचे पाणी मालकाने आपल्या हद्दीत गोळा करावे व वापरावे, हा हक्क 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने मान्य केला. कृष्णा खोऱ्यासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने तर भूजलाचा वापर हा कृष्णेच्या पाण्याचा वापर म्हणून धरला जाणार नाही, असे निवाड्यातच लिहिले. मार्कंडेय गोकाकजवळ घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा कृष्णेला. म्हणजे हिंडलग्याचे बोअरही याच तरतुदीत येतात.

हा हिशेब वाटपाला सोयीचा आहे, पण खरा नाही. पाऊस ऑक्टोबरात उघडतो. वरच्या अंगाला राकसकोपच्या जलाशयात अडवलेले पाणी बेळगाव शहरासाठी हिंडलगा पंपिंग स्टेशनकडे जाते. तरीही पौषात खालच्या पात्रात पाणी दिसते. ते बहुतांशी काठांतून येते. पावसाळ्यात जांभ्या दगडात, मुरमात आणि काळ्या खडकाच्या भेगांत मुरलेले पाणी उताराने नदीकडे सरकते आणि पात्रात पाझरते. विहिरीतील पातळी नदीपेक्षा उंच असेल तोवर विहिरींचा प्रदेश नदीला पोसतो. ती खाली गेली की नदीच काठात मुरू लागते. पुराच्या दिवसांतही असेच उलटे घडते. उन्हाळ्यात कोरड्या वाळूत हातभर खोल विरडा उकरला की आधी वाळू ओली होते, मग तळाशी गार, नितळ पाणी साचते. हे पाणी विहिरीचे म्हणावे की नदीचे? पात्राखालच्या या ओल्या थरात किडे, अळ्या आणि सूक्ष्मजीव राहतात. रुमानियाचे शास्त्रज्ञ ओर्गिदान यांनी 1959 मध्ये त्याला स्वतंत्र अधिवासाचा दर्जा दिला. नदी आटल्यावर तिथला जीव याच थरात तग धरतो.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. बोअर शेकडो फूट खोल असते, ते नदीला कसे लागेल? आणि बेळगावच्या पश्चिम भागात पाऊस भरपूर पडतो, उपसलेले दरवर्षी भरून निघतेच की! पहिल्याचे उत्तर अमेरिकी भूजलतज्ज्ञ थाइस यांनी 1940 मध्ये दिले. विहिरीतून काढलेले पाणी आधी साठ्यातून येते. पुढे तेवढेच पाणी कुठल्यातरी झऱ्याला, ओढ्याला किंवा नदीला कमी पडते, किंवा नदीतूनच ओढले जाते. खोलीने हा परिणाम उशिरा दिसतो, टळत नाही. दुसऱ्याचे उत्तर खडकात आहे. काळ्या खडकाची पाणी धरून सोडण्याची ताकद साधारण एक ते तीन टक्के. दोन टक्के धरले, तर शिवारावर दोन सेंटिमीटर उंचीचे पाणी उपसताच पातळी एक मीटर उतरते. काठ आणि पात्र यांच्या पातळीत फरकच मीटरभराचा असेल, तर एवढ्या उपशाने पाझर थांबतो. जूनचा पाऊस विहीर भरतो. मार्चमध्ये कोरड्या पडलेल्या डोहातले मासे परत आणत नाही.

आंबेवाडी, मण्णूर, कंग्राळीकडची भातशेती पावसाळ्यात पुराच्या पाण्याखाली जाते. त्यात पिकाचे नुकसान होते, हे खरेच. पण बांधांत तुंबलेले तेच पाणी सावकाश मुरते, आणि भात निघाल्यावर मसूर, वाटाणा, हरभरा त्या ओलीवर येतात. अशा सखल जमिनीला भराव टाकण्याजोगी पडीक जागा समजणे ही घोडचूक आहे. भराव पडला की पुराला पसरायला आणि पाण्याला मुरायला जागा राहत नाही. पाणी मुरण्याची ही वाट घाणीलाही मोकळी असते. शहराचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या बळ्ळारी नाल्याकाठी भूजलाची पातळी उतरली की नाल्यातले पाणी विहिरींकडे ओढले जाते.

म्हणून मोजणी एकत्र हवी. मार्कंडेयचा हिवाळी-उन्हाळी प्रवाह आणि काठच्या विहिरींची पातळी एकाच दिवशी, एकाच नोंदवहीत लिहिली जावी आणि नदीलगतच्या नव्या बोअरची परवानगी त्या नोंदी पाहून ठरावी. कायद्याला हे अशक्य नाही. कावेरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये तमिळनाडूच्या खोऱ्यातील 10 टीएमसी भूजल हिशेबात धरले आणि कर्नाटकाचा वाटा 14.75 टीएमसीने वाढवला. कावेरीच्या खोऱ्यात कर्नाटकाच्या पदरात ज्या हिशेबाने पाणी पडले, तोच हिशेब त्याने मार्कंडेयच्या काठावरही मांडायला हवा.