धाकट्याला कडेवर घेऊन शाळेत

पाताळगंगेकाठच्या आपट्यापासून चंद्रपूरपर्यंत अंगणवाडी आज सर्वांना ठाऊक आहे. तिची वाट दाखवली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ साली बोर्डीत, पुढे कोसबादला.

तिथल्या आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत का येत नव्हती? बहीण धाकट्याला सांभाळत होती, भाऊ गुरांमागे होता. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली गेली, गुराख्यांसाठी कुरणशाळा भरली. मुलांना दोष न देता घराची ओढाताण समजून घेतली, हे फार मोठं काम! बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरींची महागडी साधनं परवडणारी नव्हती. शंख-शिंपले, बिया, पानं हीच खेळणी झाली.

बिया मांडताना मूल मोजू लागतं, सवंगड्यांसोबत आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकतं. घरातल्या अशाच खेळांवर हा अंक आहे. आजी-आजोबांनीही तो जरूर वाचावा.