लस देणाऱ्या घोड्याची प्रकृती कोण पाहतो?

पावसाळा लागला की उरण तालुक्यात घराजवळ साप निघाल्याच्या बातम्या रोजच्याच होतात. चिरनेरच्या डोंगरपायथ्याची भातशेती, खाडीलगतचे बांध, बंदर आणि गोदामांसाठी भराव टाकून बुजवलेल्या पाणथळ जागा, या साऱ्या पट्ट्यात माणूस आणि साप एकमेकांच्या वाटेत येतात. मग दरवर्षी तोच प्रश्न ऐरणीवर येतो: सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे का? प्रश्न रास्तच आहे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार 2000 ते 2019 या काळात देशात सुमारे 12 लाख माणसे सर्पदंशाने दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. पण ही लस, खरे तर प्रतिविष, घोड्याच्या रक्तातून येते आणि त्या घोड्याच्या प्रकृतीची चौकशी आपण कधी करत नाही. घोड्याची हेळसांड करून रुग्णाला खात्रीचे औषध मिळणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. हा प्रश्न निव्वळ भूतदयेचा नाही. तो सार्वजनिक आरोग्याचाच भाग आहे.

प्रतिविषाच्या निर्मितीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. हाफकिन महामंडळाचा पिंपरी येथील विभाग आणि नारायणगावचा खासगी कारखाना ही त्यातली ठळक नावे. पद्धत सगळीकडे साधारण सारखीच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष अत्यल्प मात्रेत, हळूहळू वाढवत, घोड्याला टोचले जाते. काही महिन्यांत त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. मग मानेच्या मोठ्या शिरेत सुई घालून रक्त काढतात आणि त्यातला प्लाझ्मा वेगळा करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एका वेळी घोड्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण 13 ते 15 मिलिलिटर रक्त काढता येते. 400 किलोच्या घोड्यात जेमतेम 30 लिटर रक्त असते. त्यातले पाच-सहा लिटर एका बैठकीत जाते. हे एकदा झाले तर निरोगी घोडा सहज सावरतो. पण हे चक्र वर्षानुवर्षे चालते, आणि खरा प्रश्न तिथे उभा राहतो.

प्लाझ्मा काढून घेतल्यावर उरलेल्या तांबड्या पेशी घोड्याला परत दिल्या नाहीत, तर रक्तक्षय होतो. त्या परत दिल्या तरी प्रथिने कमी होतातच. दोन वेळांमध्ये पुरेशी विश्रांती आणि सकस चारा नसेल तर ती भरून निघत नाहीत, पोटाखाली सूज येते, जंतुसंसर्गाशी लढण्याची ताकद घटते. विष टोचलेल्या जागी गळवे होतात, मानेची शीर घट्ट होत जाते. शरीराची प्रतिकारयंत्रणा सतत डिवचली गेल्याने यकृतात आणि मूत्रपिंडात अमायलॉइड नावाचे प्रथिन साचू लागते, आणि अशा घोड्याचे यकृत फाटून तो अचानक दगावल्याच्या नोंदी पशुवैद्यकशास्त्रात आहेत. त्यात घोड्याचा रक्तक्षय वरवर कळत नाही. इतर अनेक प्राण्यांत रक्त कमी झाले की अपक्व तांबड्या पेशी रक्तात दिसू लागतात. घोड्यात त्या सहसा अस्थिमज्जेबाहेर पडतच नाहीत. म्हणून एकदा रक्त तपासून भागत नाही, प्रत्येक घोड्याच्या हिमोग्लोबिनची आणि प्रथिनांची सलग नोंद ठेवावी लागते. 2015 च्या सुमारास देशातल्या अशा पागांच्या पाहणीनंतर रक्तक्षय, खुरांचे आजार, चिघळलेल्या जखमा आणि कुपोषण आढळल्याचे प्राणिमित्र संघटनांनी जाहीर केले होते. सगळ्याच संस्थांत तसे असते असे नाही. पण कुठे काय आहे हे सामान्य नागरिकाला आजही पडताळता येत नाही.

आजारी घोड्याची किंमत शेवटी रुग्णच मोजतो. 1901 साली अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात घटसर्पाचे प्रतिविष ज्याच्या रक्तातून बनवत, त्या जिम नावाच्या घोड्याला धनुर्वात झाला. लक्षणे दिसण्याआधी काढलेले त्याचे रक्त वापरले गेले आणि 13 मुले दगावली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने अशा औषधांवर नियंत्रण आणणारा कायदा केला. आजच्या चाचण्या तेव्हापेक्षा कितीतरी कडक आहेत, तरी औषधाचा कच्चा माल जिवंत प्राणी आहे, ही वस्तुस्थिती बदललेली नाही.

माणसे मरत असताना घोड्यांचे काय घेऊन बसलात, असे कोणी विचारील. माणसाचा जीव आधी, हे मला मान्यच आहे. म्हणूनच हे उत्पादन बंद करा असे मी म्हणत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. पण घोड्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी माणसाच्या मानाने फार लवकर तळाशी बसतात. पिशवी थोडा वेळ स्थिर टांगून ठेवली की वर पिवळसर प्लाझ्मा आणि खाली लाल थर स्पष्ट दिसतो. त्यामुळे महागडे यंत्र नसले तरी निर्जंतुक पिशव्या आणि शिकलेले हात असतील तर त्या पेशी परत देता येतात. घोड्याऐवजी प्रयोगशाळेतली प्रतिपिंडे वापरा, असाही आग्रह असतो. रेबीजच्या बाबतीत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ते करून दाखवले आहे. पण रेबीजचा विषाणू एक, आणि सापाच्या विषात अनेक घातक घटक. संशोधन आशादायक आहे, तरी येती काही वर्षे घोड्याला पर्याय नाही. तोवर त्याला जपणे हाच शहाणपणा.

आणि जपण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग पागेबाहेर आहे, तो म्हणजे प्रतिविषाची क्षमता वाढवणे. आपल्या प्रतिविषाचा एक मिलिलिटर नागाचे किंवा घोणसाचे 0.6 मिलिग्रॅम आणि मण्यार वा फुरशाचे 0.45 मिलिग्रॅम विष निकामी करतो. घोणस एका दंशात सरासरी 60 मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते, म्हणून सुरुवातीलाच दहा मिलिलिटरच्या दहा कुप्या लागतात. शिवाय घोड्यांना टोचायचे विष प्रामुख्याने तामिळनाडूतल्या इरुला सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येते, आणि एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी दाखवले आहे. कोकणातल्या सापांचे विष वापरून जास्त क्षमतेचे प्रतिविष बनले, तर रुग्णाला कमी कुप्या पुरतील आणि तेवढ्याच रुग्णांसाठी घोड्याचे रक्तही कमी काढावे लागेल. माणसाचे आणि घोड्याचे हित इथे एकच आहे.

2030 पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा केंद्राने 2024 मध्ये जाहीर केला. राज्याकडे 2023 पासून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आहे. या प्राधिकरणाने प्रतिविषाच्या निविदेत चार अटी घालाव्यात: तांबड्या पेशी परत देणे बंधनकारक, प्रत्येक घोड्याच्या तपासणीची नोंद खुली, त्रयस्थ पशुवैद्यकाची वार्षिक पाहणी, आणि काम थांबल्यावर घोड्याच्या पालनाची लेखी हमी. उरण-पनवेलच्या लोकप्रतिनिधींनी पावसाळ्यापूर्वी लशीचा साठा विचारावाच. त्याच पत्रात या चार अटींचे काय झाले, हेही विचारावे.