‘पेक्षा’ मराठीत पुरते, इंग्रजीत नाही

शाळेत इंग्रजीच्या वह्या तपासणाऱ्या शिक्षकांना एक वाक्य चांगले ओळखीचे असते : ‘धिस सम इज डिफिकल्ट दॅन दॅट.’ त्यावर लाल फुली मारून पुढे जाणे सोपे असते, पण त्यात मुलावर अन्याय होतो. त्याची मराठी पक्की आहे, म्हणूनच ही चूक झाली आहे. ‘हे गणित त्याच्यापेक्षा अवघड आहे’ या वाक्यात तुलनेचा सगळा भार ‘पेक्षा’ उचलते. ‘अवघड’ला काहीच करावे लागत नाही. इंग्रजीत एकट्या ‘दॅन’वर भागत नाही. तिथे विशेषणही बदलते : हार्डचे हार्डर, टफचे टफर, ईझीचे ईझिअर. ‘डिफिकल्ट’ तीन सिलेबलांचा शब्द, त्याला ‘अर’ लागत नाही. म्हणून आधी ‘मोअर’ घ्यावे लागते.

एवढे शिकवले की मुले दोन्ही वापरून मोकळी होतात : ‘मोअर हार्डर’. आजच्या लेखी इंग्रजीत ही चूकच. पण शेक्सपिअरच्या काळात अशी दुहेरी रूपे सर्रास चालत. ‘ज्युलिअस सीझर’मध्ये ब्रूटसच्या घावाचे वर्णन करताना अँटनीच्या तोंडी असेच दुहेरी रूप आहे. पुढे व्याकरणकारांनी ती मोडीत काढली. रॉबर्ट लाउथ यांच्या 1762च्या व्याकरणात ती अशुद्ध ठरवलेली दिसतात. हा इतिहास वर्गात सांगितला, तर मुलांना नियम जाच वाटणार नाही.

‘खूप जास्त अवघड’ म्हणायचे असले की ‘व्हेरी हार्डर’ उमटते. ‘व्हेरी’ चालते ते साध्या ‘हार्ड’बरोबर, तुलना आली की ‘मच हार्डर’.

याहून नाजूक चूक पदवीधरांच्या लेखनातही सापडते. ‘मुंबईत घर शोधणे पुण्यापेक्षा अवघड आहे’ हे मराठीत कुणाला खटकत नाही. त्याचेच ‘फाइंडिंग अ हाउस इन मुंबई इज हार्डर दॅन पुणे’ झाले, की घर शोधण्याची तुलना थेट पुणे शहराशी होते. ‘दॅन इन पुणे’ हवे. एका ‘इन’ने वाक्य सावरते, आणि नेमके तेच गाळले जाते.

‘टू डिफिकल्ट’चे दुखणे तर नोकरीच्या अर्जापर्यंत पोचते. उमेदवाराला म्हणायचे असते की आधीचे काम फार अवघड होते आणि ते त्याने पार पाडले. ‘टू’मुळे वाचणाऱ्याला वाटते, काम त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. तिथे ‘व्हेरी’च हवे.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या. ती पद्धत जुनाट म्हणून अडगळीत टाकण्याची घाई नको. शिक्षकांनी तुलनेच्या धड्यापुरते तरी फळ्यावर मराठी आणि इंग्रजी वाक्य शेजारी शेजारी लिहावे, आणि ‘पेक्षा’चे काम इंग्रजीत कोणकोणते शब्द वाटून घेतात, ते मुलांनाच शोधू द्यावे.