एका मतदारसंघाचा धडा

१९५७ साली गिरणी कामगारांचा मुंबई शहर मध्य हा लोकसभेचा द्विसदस्यीय मतदारसंघ होता. प्रत्येक मतदाराला दोन मते आणि एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे गोपाळ माने तेथून एकत्र निवडून आले. सवर्ण व दलित कामगारांनी परस्परांच्या उमेदवारांना साथ दिल्याविना हे घडणे अवघड होते. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्यीय मतदारसंघ संपुष्टात आले. १९६२ मध्ये डांगे पराभूत झाले. मात्र कायद्याने फक्त सीमा बदलल्या. राज्य मिळताच एकजूट सैल होऊ दिली, ती चळवळीनेच. जातीचा प्रश्न बाजूला ठेवून वर्गलढा जिंकता येत नाही, हे कार्यकर्त्यांनी विसरू नये.