पाण्यावर गाडी? आधी हिशोब मांडा!

परवा बॅचमधला एक मुलगा स्टीलच्या प्लेटा लावलेली बरणी घेऊन दुकानात आला. म्हणे, "दादा, बॅटरी जोडली की हायड्रोजन तयार. गाडीला लावायचं किट बनवून विकतो. मामा ६० हजार देतोय."

बुडबुडे येत होते, खोटं कशाला बोलू? पण चांगल्या मशीनलाही १ किलो हायड्रोजन काढायला ५० युनिटच्या आसपास वीज लागते. तो जाळला की परत मिळते ३३ युनिटइतकी उष्णता, आणि इंजिनात त्यातलीही बरीचशी वाया. गाडीत ती वीज येते कुठून? पेट्रोल जाळूनच ना! ५० ला घेऊन ३३ ला विकणारा दुकानदार पाहिलाय का कुणी?

शिवाय एकाच बरणीत हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र साठले की एक ठिणगी पुरे, स्फोटच. अन् पाण्यात मीठ टाकलंत तर क्लोरीन निघतो, तो वेगळाच ताप. गिऱ्हाइकाच्या गाडीत काही झालं तर बिलावर नाव कुणाचं, भाऊ? अमेरिकेत स्टॅनली मेयरने पाण्यावर गाडी चालवल्याचा दावा केला होता. १९९६ मध्ये ओहायोच्या कोर्टाने ती फसवणूक ठरवली आणि गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले.

मामाला अजून फोन केलेला नाही त्याने. बरणी माझ्या काउंटरवरच आहे, वायर काढून ठेवलीय.